स्वीकृत खेळाडू

युसूफ वडगावच्या धर्मराज ओव्हाळला चिंचमाळाच्या सहकारी साखर कारखान्यात नोकरी लागली ती टाइमकीपरची. काम मात्र फुटबॉल खेळायचं. सकाळ-संध्याकाळ हजेरीच्या खिडकीत तोंड दाखवायचं आणि बाकी वेळ मैदानावर. ऐकणाऱ्याला वाटेल, चैन आहे बुवा! पण ज्याचा गुडघा चाळिशीत जिना उतरताना कुरकुरायला लागतो, त्याला विचारावं ही चैन कशी असते ते.

बीड जिल्ह्यातल्या साखर कारखान्याला फुटबॉल कशाला हवा होता, हे विचारण्यात अर्थ नाही. चेअरमन अर्जुनराव पुण्याला शेतकी शिकायला असताना त्यांनी हा खेळ पाहिला होता आणि तो त्यांच्या डोक्यात बसला होता, एवढंच खरं. "कबड्डी वाडी-वाडीत हाय. कुस्तीला कोल्लापूर हाय. आपण काय तरी निराळं करू," असं म्हणून त्यांनी मराठवाड्यातले आणखी तीन कारखाने गळाला लावले आणि 'सहकार चषक' सुरू केला. लीग म्हणायचं आपलं! चार कारखाने, चार संघ, आणि प्रेक्षक म्हणजे गाळप संपल्यावर रिकामे बसलेले कामगार. खेळायला माणसं होती, पण खेळ ठाऊक असलेलं एकही नव्हतं. मग प्रत्येक कारखान्याने कुठून कुठून एकेक जुना खेळाडू शोधून आणला. कुणी नागपूरच्या रेल्वेचा उचलला, कुणी हैदराबादहून गफूरमियाँला आणलं. मोठ्या शहरांनी वापरून बाजूला ठेवलेले हे सगळे तारे उतारवयात आमच्या माळावर उगवले.

धर्मराज त्यातला एक, फरक इतकाच की तो परत आपल्याच मुलखात आला होता. चौदाव्या वर्षी तो मामाबरोबर मुंबईला गेला, गिरणीत लागला आणि गिरणीच्या संघात लेफ्ट आउट म्हणून खेळायला लागला. लेफ्ट आउट म्हणजे डाव्या कडेने चेंडू घेऊन पळायचं आणि गोलापाशी पोचवायचा. त्या कडेवर त्याने अठरा मोसम काढले. लोक त्याला 'डावा धर्मा' म्हणत. शनिवारी सामना असला की पानवाला त्याच्याकडून पानाचे पैसे घेत नसे, आणि हे तो म्हातारपणीही पुन्हा पुन्हा सांगायचा, जणू गिरणीने त्याला बंगला बांधून दिला होता. ब्याऐंशीला संप झाला, गिरणी गेली, संघ गेला, आणि वर्षभराने धर्मराज एक ट्रंक आणि बुटांचे दोन जोड घेऊन वडगावला उतरला.

गावात त्याची बायको गीताबाई होती. लग्नानंतर ती मुंबईला राहिली ती मोजून दीड महिना. मग सासू आजारी पडली, दोन एकर रान होतं, एक बैल आणि एक गाय होती, ते कोण बघणार? ती राहिली ती राहिलीच. तिकडून धर्मराज पाकिटातून वर्तमानपत्रातली कात्रणं पाठवायचा. गीताबाईला वाचता येत नव्हतं. ती शाळेतल्या मास्तरांकडे जायची, मास्तर वाचून दाखवायचे, आणि ती कात्रण घडी करून ट्रंकेत लुगड्याखाली ठेवायची. तिने नवऱ्याचं सगळं कौतुक असं मास्तरांच्या आवाजात ऐकलं होतं. डोळ्यांनी त्याला खेळताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

कारखान्याचा संघ निवडला गेला ती गंमत सांगायलाच हवी. कारखान्याचं कार्यक्षेत्र म्हणजे अकरा गट. प्रत्येक गटातून संचालक निवडून यायचा, प्रत्येक गटाच्या वाट्याला नोकऱ्या ठरलेल्या, रस्ते ठरलेले, ऊसतोडीच्या टोळ्यासुद्धा ठरलेल्या. त्यात फुटबॉललाही नेमकी अकराच माणसं लागतात म्हटल्यावर संचालक मंडळाला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. प्रत्येक गटाला एक जागा! कुणाचा पुतण्या गोलकीपर झाला, कुणाचा साडू हाफ बॅक झाला. युसूफ वडगाव गटाच्या संचालकांनी कुणीतरी सांगितलं म्हणून लेफ्ट आउटची जागा मागून घेतली आणि तिथे आपल्या बहिणीचा मुलगा शहादेव याला बसवलं. शहादेव ऊसतोडीच्या चिठ्ठ्या लिहायचा. पोरगा चांगला होता, फक्त त्याला डावा पाय आहे हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नव्हतं.

ठराव झाला, टाळ्या झाल्या, आणि मग अर्जुनरावांच्या लक्षात आलं की ज्याला एवढ्या थाटाने आणलं त्या धर्मराजला जागाच उरली नाही. त्याचं गाव वडगाव गटात, आणि त्या गटाची जागा तर भरलेली!

"मंग राखीव जागंतून घ्या की," एक संचालक म्हणाले आणि स्वतःच हसले.

दोघे-तिघे आणखी हसले. धर्मराज दाराशी उभा होता. मुंबईत अठरा वर्षं त्याला पायाने ओळखत होते, इथे पहिल्याच दिवशी त्याला पुन्हा जातीने ओळखलं गेलं. अर्जुनरावांचा चेहरा लाल झाला. त्यांनी टेबलावर हात आपटला. "राखीव न्हाई आन् काय न्हाई. स्वीकृत म्हणून घेतो. मंडळावर स्वीकृत संचालक असतो का न्हाई? तसा ह्यो स्वीकृत खेळाडू."

पुढे तेलगाव गटाचा माणूस पहिल्याच सरावात पोटात चेंडू बसून जो घरी गेला तो परत फिरकला नाही. त्याची जागा फुल बॅकची, म्हणजे अगदी मागे, गोल राखायची. तिथे धर्मराज स्वीकृत म्हणून उभा राहिला. डावा धर्मा, आणि दोन मोसम तो आपल्या डाव्या कडेकडे लांबून बघत उभा! पुढे शहादेव चेंडूमागे वाट चुकलेल्या वासरासारखा धावायचा आणि मागून धर्मराज ओरडायचा, "डाव्यानं मार! आरं डाव्यानं!"

तरी त्याला ते दिवस आवडत होते, हे कबूल केलं पाहिजे. संध्याकाळी तो शहादेवला एकट्याला थांबवून शिकवायचा. चेंडू कसा लपवायचा, खांदा उजवीकडे कसा टाकायचा आणि स्वतः डावीकडून कसं निघायचं. "ही चाल मी गफूरला दावलती," तो सांगायचा. "एकुणसत्तरला. हैदराबादचा संघ आलता मुंबईला. गफूर म्हंजे त्या काळचा पहाड. पैल्या अर्ध्यात मी त्याला उजवा खांदा दाखवला, बाबा गेला उजवीकडं आन् मी डावीकडनं गोल मारला. दुसऱ्या अर्ध्यात परत तेच केलं. तवा हालला न्हाई बघ. उभा ऱ्हायला, पायातनं बॉल काढून घेतला आन् म्हणला, 'एक बार धोका खाया मियाँ. दूसरी बार नै खाता.'"

"मंग?" शहादेव विचारायचा.

"मंग काय. खरंच न्हाई खाल्लं. आजपातुर कुणाचंच न्हाई."

पंच्याऐंशीला पाऊस गेला. त्याआधीचं वर्षही कोरडंच होतं. कारखान्याचं गाळप दीड महिन्यात आटोपलं, कारण गाळायला ऊसच नव्हता. तरीही सहकार चषक झाला, अर्जुनराव हट्टी माणूस. आणि नवल म्हणजे चिंचमाळाचा संघ अंतिम सामन्याला पोचला. समोर गफूरमियाँचा कारखाना होता. सामना आपल्याच मैदानावर, रविवारी.

त्याच्या आदल्या महिन्यात धर्मराज अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गुडघा दाखवून आला होता. डॉक्टरांनी गुडघा दोनदा वाकवला, दोनदा सरळ केला आणि सांगितलं, "आणखी एखादा सामना. नंतर बूट खुंटीला टांगा, नाहीतर काठी हातात घ्या."

म्हणजे हा शेवटचा. धर्मराजला चषकाचं काही वाटत नव्हतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. गीताने एकदा बघावं. इतकी वर्षं तिने कात्रणं जपली, सासूचं केलं, रान राखलं, कधी एका शब्दाने 'तुमी तिकडं काय करता' असं विचारलं नाही. ती दोन मोसमांत एकदाही मैदानाकडे आली नव्हती. बायकांनी तिथे जायची पद्धत नव्हती, आणि तिला विचारलं की ती म्हणायची, "बघायचं काय त्यात?" या वेळी मात्र त्याने गुडघ्याचं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"शेवटचा म्हंता?"

"शेवटचाच."

"येते मंग. पण पुढं बसणार न्हाई मी."

धर्मराजने कॅन्टीनमधून दोन सतरंज्या मागून ठेवल्या. पूर्वेच्या गोलाशेजारी बायकांना बसायला आडोसा करायचाही ठरवला. तो चेहऱ्यावर काही दाखवत नव्हता, पण बुटांना तीन दिवस रोज गोडेतेल लावत होता.

बुधवारी तहसिलीतून निरोप आला. कारखान्याने गुरांची छावणी उघडावी, शुक्रवारपासून. सपाट जागा आणि बोअरची पाइपलाइन दोन्ही जिथे होतं अशी एकच जागा होती, फुटबॉलचं मैदान. मंडळाची बैठक बसली. अर्जुनरावांनी धर्मराजला आत बोलावलं.

"धर्मराज, तुझ्या जिवावर इथवर आलो. तू बोल. रविवारचा सामना होऊ द्यू आन् सोमवारी जनावरं घिऊ. दोन-तीन दिसांचा तर सवाल हाय. तू म्हणशील तसं करतो."

धर्मराजने खिडकीतून बाहेर पाहिलं. छावणीची बातमी आदेशाच्याही आधी गावोगाव पोचली होती. केजच्या रस्त्याने माणसं जनावरं घेऊन निघालीसुद्धा होती. एक गाय फाटकापाशीच बसली होती आणि तिचा मालक तिला उठवत नव्हता, नुसता शेजारी उभा होता. धर्मराजला सतरंज्या आठवल्या.

"येऊ द्या जनावरं," तो म्हणाला.

"आन् सामना?"

"जनावराला सोमवार कळत न्हाई, साहेब."

शुक्रवारपर्यंत मैदानाची छावणी झाली. आणि ती कशी झाली? अर्थातच गटवार! प्रत्येक गटाला एक दावण, ठराव करून. फिटर निवृत्तीने पश्चिमेचा गोल उपटला आणि त्याचे लोखंडी पाइप पाण्याच्या टाकीला लावले. गोलाच्या जाळ्या काढून त्यात कडबा वाहायला घेतला. पूर्वेचा गोल काढायला मात्र त्याला वेळ झाला नाही. समोरच्या संघाला कळवायला दोन दिवस ट्रंक कॉल लावत होते, लाइन काही मिळाली नाही.

छावणीच्या कामात दोन दिवस कारखान्यावरच अडकलेला धर्मराज शनिवारी गीताला 'येऊ नको' म्हणून सांगायला सायकलवर वडगावला गेला. घराला कडी होती. शेजारची भिवराबाई बाहेर धान्य निवडत बसली होती.

"गीता कुठं गेली, काकी?"

"आरं, तुज्याच कारखान्याला गेली की! दिस उगवायच्या आत बैल आन् गाय घिऊन गेली, समद्या गावाबरूबर. रानवाटंनं गेले. तू सडकंनं आला व्हय?"

तो तसाच परत फिरला. दुखऱ्या गुडघ्याने पायडल मारत चिंचमाळावर पोचेपर्यंत दिवस कलला होता. वडगाव गटाची दावण कुठे आहे ते विचारत तो गेला आणि थबकला. दावण पूर्वेच्या गोलापाशी होती. गीताबाईने मोरा बैल चक्क गोलाच्या खांबाला बांधला होता आणि ती खांबाला टेकून बसली होती.

"हितं बांधलास व्हय?" तो म्हणाला. दुसरं काही त्याला सुचेना.

"खुट्टा चांगला रवलेला हाय," गीताबाई म्हणाली. मग जरा वेळाने, "तुमचा सामना हितंच व्हता का वो?"

"हितंच."

ती गोलाकडे बघत राहिली. "ऱ्हायला म्हना की," एवढंच म्हणाली, आणि धर्मराजला तिथून लगेच कडबा आणायला जावंसं वाटलं.

रविवारी अकराच्या सुमाराला एक ट्रक फाटकातून आत आला. हौद्यात दहा माणसं गणवेश घालून उभी होती, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मेंदी लावलेल्या दाढीचा गफूरमियाँ. तो खाली उतरला, कमरेवर हात ठेवून त्याने सगळ्या छावणीवर नजर फिरवली.

"धर्मा, हौला हो गया क्या बे? मैदान में भैंसां बांधे!"

अर्जुनराव माफी मागायला लागले. चहा घ्या, जेवून जा, चषक वाटून घेऊ. गफूरमियाँ ऐकत होता, पण त्याचं लक्ष धर्मराजच्या चेहऱ्याकडे होतं. धर्मराज गोलाकडे बघत होता. तिथे खांबाला टेकून एक बाई बसली होती, आणि तीही इकडेच बघत होती. गफूरने बशीतला चहा संपवला.

"आये सो खेल केच जाते," तो म्हणाला.

दोन दावणींच्या मध्ये साठ-सत्तर पावलांची मोकळी पट्टी होती. गोल एकच. मग निवृत्ती फिटरने तोडगा काढला, तो कबड्डीतला जुना खेळाडू होता. दहा मिनिटं यांनी चढायचं आणि त्यांनी राखायचं, मग दहा मिनिटं उलट. असा फुटबॉल जगात कुठे खेळला जात नसेल, पण त्या दिवशी तो आमच्याकडे खेळला गेला. आणि प्रेक्षक? छावणीत जनावरांमागे मुक्कामाला आलेल्या दोनशे-तीनशे बाया! ज्या एरवी मैदानाकडे मान वळवून पाहत नसत, त्या वैरणीच्या पेंढ्यांवर बसून पुढ्यात हा खेळ बघायला लागल्या. मोरा बैल तेवढा खांबाचा सोडून गोलामागे बांधला, आणि गीताबाई त्याच्या आड जाऊन बसली.

खेळ सुरू व्हायच्या आधी शहादेव धर्मराजजवळ आला.

"भाऊ, मी मागं हुबा ऱ्हातो. तुमी डावीकडं जावा."

"तुजी जागा हाय ती. वडगाव गटाची. तुजा मामा काय म्हणंल?"

"तुमी बी वडगावचेच हाव की," शहादेव म्हणाला. "आन् मामा हितं कुठं हाय?"

धर्मराज डाव्या कडेवर जाऊन उभा राहिला. चार वर्षांनी. जमीन मुरमाड होती, शेणाचा वास होता, पण कड ती कडच. पाच-सहा मिनिटं त्याला चेंडू मिळालाच नाही. मग शहादेवने मागून एक उंच चेंडू दिला, दोन वर्षांत दिलेला पहिला धड चेंडू. धर्मराजने तो पायावर झेलला. समोर गफूर उभा होता. पळणं दोघांच्याही नशिबातून गेलं होतं. धर्मराजने चेंडू लपवला आणि उजवा खांदा टाकला. गफूरचं अंग आपोआप उजवीकडे कललं. सतरा वर्षांत तो ही चाल विसरला असेल, किंवा शरीर डोक्याच्या आधी गेलं असेल. धर्मराज डावीकडून निघाला आणि त्याने डाव्या पायाने मारला.

जाळी नव्हतीच. चेंडू गोलातून आरपार गेला आणि मोरा बैलाच्या वैरणीत जाऊन पडला. बाया हसल्या, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, अर्जुनराव तर खुर्चीवर उभे राहिले. मोरा हुंगायला लागला तशी गीताबाईने तो चेंडू उचलला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने तो हातात घेतला होता. धर्मराज लंगडत तिच्यापाशी आला. गुडघ्यातून कळ मस्तकापर्यंत जात होती. ती काय म्हणेल याची त्याला वीस वर्षांची उत्सुकता होती.

गीताबाईने चेंडू पदराने पुसला.

"मला नीट दिसलं न्हाई," ती म्हणाली. "बैल मधी आलता. आजून येकदा मारून दावा."

तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. ना लुगडं, ना मुंबई. धर्मराजने चेंडू घेतला. वळून तो गफूरपाशी गेला. गफूर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता.

"गफूरभाय, घरवाली को दिखा नै."

गफूरने गोलापाशी उभ्या बाईकडे पाहिलं, मग धर्मराजच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. तो सरळ झाला, चार पावलं मागे गेला आणि पुन्हा आपल्या जागी उभा राहिला. पंचाने शिट्टी वाजवली नाही. शहादेवने पुन्हा चेंडू दिला, धर्मराजने तो पायाखाली घेतला आणि तीच चाल केली, तोच उजवा खांदा टाकला, आता तर आधीपेक्षा सावकाश, कारण गुडघा ऐकत नव्हता.

आणि ज्या गफूरमियाँने जन्मात एका चालीला दोनदा धोका खाल्ला नव्हता, तो उजवीकडे गेला. नुसता गेला नाही, चांगला लांब गेला आणि मुरमात एक हात टेकून पडला. सगळी डावी कड धर्मराजसमोर मोकळी झाली.

चेंडू गेला. गीताबाई आता गोलाच्या अगदी मधोमध मागे उभी होती, डोक्यावरचा पदर मागे सरकलेला, आणि या वेळी तिने तो येताना सगळा पाहिला. धर्मराजला मात्र समोरचं काही नीट दिसत नव्हतं. त्याने डोळे पुसले आणि तो गफूरला हात देऊन उठवायला गेला.

"दिसलं का वो भाबी?" गफूरमियाँने खालूनच ओरडून विचारलं.

"दिसलं," गीताबाई म्हणाली, आणि तिने चेंडू घट्ट पोटाशी धरला. पुढची दहा मिनिटं समोरच्या संघाने चढायची होती, पण तिने तो बराच वेळ परत दिला नाही.